ज्यांना चेंडू लागत नसे

संपादकांनी मला गिरणी संपावर लिहायला सांगितलं होतं. लालबागचा माणूस, साचाखात्यात काम केलेला, म्हणजे याच्याकडे संपाच्या आठवणी असणारच, असा त्यांचा अंदाज. आहेत आठवणी. पण त्या आमच्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत आहेत आणि माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत सांगणारी माणसं अजून हयात आहेत. माझ्याकडे दुसरं काहीतरी आहे. संपानंतरची सारी उमेदीची वर्षं मी स्क्वॉशच्या कोर्टात घालवली, आणि त्यातली निम्मी अशा लोकांबरोबर, ज्यांच्या रॅकेटला चेंडू लागतच नसे. त्यांच्यावर लिहितो म्हटल्यावर संपादकांनी फोनवर खेळाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, बरं, लिहा.

मी मार्कर होतो. एवढं सांगून कुणाचं भागत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. माझ्या सासूबाईंचा बरीच वर्षं समज होता की मी कुठल्याशा साहेबी शाळेत पेपर तपासतो. त्यांनी तो नातेवाइकांत पसरवलाही, आणि मी काही तो फारसा खोडून काढला नाही. मार्कर म्हणजे क्लबात मेंबरांना खेळवणारा पगारी माणूस. पूर्वी तो गॅलरीत उभा राहून गुण मोजायचा, त्यावरून नाव पडलं. प्रत्यक्षात तो सगळंच करतो. कोर्ट पुसतो, रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे तुटलेली जाळी पुन्हा ओवतो, नवशिक्याला शिकवतो आणि ज्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळतो.

खेळही सांगून टाकतो. स्क्वॉश हा चार भिंतींच्या आतला खेळ. दोघांनी समोरच्या एकाच भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारायचा, आणि जमिनीवर दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची पट्टी असते. तिला चेंडू लागला की ठण्ण आवाज होतो आणि गुण जातो. चेंडू काळ्या रबराचा, लहान लिंबाएवढा. थंड असताना त्यात जीव म्हणून नसतो, आधी मारून मारून तो तापवावा लागतो, मग कुठे उसळतो. आता यातली गंमत बघा. ज्याला मारता येतं त्याचा चेंडू तापतो. ज्याला मारता येत नाही त्याचा थंडच राहतो. म्हणजे ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला मेलेला चेंडू येतो.

मी इथे पोचलो तो कबड्डीच्या जोरावर. त्या काळी गिरण्यांचे कबड्डीचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला गिरणी कामावर घेई. मी साच्यावर, म्हणजे मागावर होतो, पण सामने नसतील तेव्हाच. संप सुरू झाला, लांबला, बायको शेजारणींबरोबर खाणावळीच्या चपात्या लाटायला लागली. तेव्हा आमचे सामने पाहायला येणाऱ्या एका गृहस्थांनी मला दक्षिण मुंबईतल्या त्यांच्या क्लबात चिकटवून दिलं. काम होतं कोर्ट पुसायचं. तिथल्या मुख्य मार्करने, पिंटोने, मला पुसता पुसता पाय टाकताना पाहिलं आणि एक दिवस हातात रॅकेट दिली. लोकांना ऐकायला आवडतं की साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावर नजर बसली होती म्हणून ती चेंडूवर बसली. एका मेंबराने तर पाहुण्यांशी माझी ओळखच अशी करून दिली होती. धोट्याकडे बघत बसणारा साचेवाला मी जन्मात पाहिला नाही. बघायचं सुताकडे असतं आणि कान उघडे ठेवायचे असतात. पण साहेबांची गोष्ट रंगली होती, मी कशाला मोडू.

पिंटो गिरगावातल्या वाडीत राहणारा, टक्कल पडलेला, मनगटाचा जादूगार. त्याने मला जे पहिलं शिकवलं ते फटका मारणं नव्हतं. त्याने मला चेंडू द्यायला शिकवलं.

"गावडे," तो म्हणाला, "इथे आपण जिंकायला येत नाय. तू बॉल मेंबरच्या रॅकेटवर दे. त्याचा कुठे पण जाऊ दे, तू उचलून परत तिथेच दे. आणि त्याला कळता कामा नये."

मार्करची सारी कला या चार वाक्यांत आहे. साहेब उभे असतील तिथे, कमरेएवढ्या उंचीवर, हात लांबवला की लागेल असा चेंडू भिंतीवरून आणून ठेवायचा. साहेब तो वेडावाकडा धाडतात. आपण धावत जाऊन तो पुन्हा त्याच जागी आणून ठेवायचा. असं बराच वेळ चाललं की साहेब घामाघूम होतात, त्यांना वाटतं आज काय खेळलो. मग एखादा आपण पत्र्यात घालायचा आणि चुकल्यासारखं कपाळावर हात मारायचा. मला याची पहिल्यांदा फार चीड आली. कबड्डीत मी एखाद्या गड्याला मुद्दाम सोडलं असतं तर लालबागच्या पोरांनी मला मैदानातून धड घरी जाऊ दिलं नसतं. पण पोट हातावर होतं, आणि ही कला अंगात भिनायला लागली तसा तिचा थोडा अभिमानही वाटायला लागला.

ज्यांना असा आयता दिलेला चेंडूही लागत नसे त्यांना पिंटो 'लाकूड' म्हणायचा आणि माझ्याकडे पाठवायचा. माझं पहिलं लाकूड एक सर्जन होते. शहरात त्यांच्या हाताची ख्याती, माणसं ऑपरेशनसाठी त्यांची तारीख मिळायला थांबून राहत. कोर्टात मात्र चेंडू पुढे आणि रॅकेट मागे, किंवा रॅकेट पुढे आणि चेंडू डोक्यावर. मी एकदा धीर करून विचारलं की साहेब, एवढी बारीक शिवण घालता ती कशी. ते भिंतीला टेकून दम खात म्हणाले, "माझा पेशंट पळत नाही हो."

त्या वाक्याने माझं काम झालं. त्यांच्या हातात खोट नव्हती. डोळ्याने पाहायचं, मग हाताने पोचायचं, या दोहोंमध्ये त्यांना जरा जास्त अवकाश लागत होता, आणि चेंडू तेवढा थांबत नव्हता. क्लबात याला म्हणत, को-ऑर्डिनेशन नाही. आमच्या चाळीत म्हणाले असते, धांदरट आहे. दोन्ही शब्दांनी त्या माणसाचं काही भलं होत नाही. चेंडूला थांबायला लावणं मात्र माझ्या हातात होतं. लालबागच्या खेळण्यांच्या दुकानातून मी पोरांचा रबरी चेंडू आणला, संत्र्याएवढा. दोन टप्पे पडू द्यायचे, तिसऱ्याच्या आत मारला तरी चालेल, असा नियम केला. त्याआधी रॅकेटच काढून घेतली. भिंतीवर हाताने फेका आणि हाताने झेला. डॉक्टरांनी झेलला, फेकला, पुन्हा झेलला, आणि शाळेतल्या मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले.

पुढे मी बऱ्याच युक्त्या जमवल्या. जुन्या लाकडी रॅकेटचा दांडा करवतीने अर्धा कापला, म्हणजे जाळी तळहाताच्या जवळ येते आणि हाताला ती आपलीच वाटते. मोज्यात चेंडू घालून तो गॅलरीच्या कठड्याला दोरीने टांगला, म्हणजे मारला तरी परत तिथेच येतो. जमिनीवर खडूने पावलं काढली. ही पावलं कबड्डीतून आलेली. नवशिक्याला वाटतं की चेंडू हाताने मारायचा असतो. तो पायाने मारायचा असतो, पाय जागेवर पोचला की हाताला करण्यासारखं थोडंच उरतं. एक बाई होत्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. रॅकेट हातात आली की त्यांचे खांदे कानाला लागत. त्यांना मी मारताना बेचा पाढा म्हणायला लावला. बे दुणे म्हणताना टप्पा, चारला फटका. पाढ्यात लक्ष गुंतलं की खांदे आपोआप खाली. गॅलरीत लोक हसायचे. बाई त्यांच्याकडे न बघता तेरापर्यंत पाढे म्हणून दाखवत.

हे सगळं करून संध्याकाळी मी लालबागला परत यायचो तेव्हा आमच्या समोरच्या खोलीतले तावडेमामा ओटीवर बसलेले असत. उभा जन्म साच्यावर गेलेला माणूस. संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला, आणि मामांसारखे बाहेर राहिले. दादरच्या एका दुकानात त्यांना खोकी बांधायचं काम मिळालं होतं. खोकं उलटायचं, सुतळी फिरवायची, गाठ मारायची. ज्याने धावत्या साच्यावर तुटलेला धागा डोळे मिटून सांधला असता, त्याला ती सुतळीची गाठ वेळेत जमेना. आठवड्याच्या आत दुकानदाराने नको म्हणून सांगितलं. मामा मला हात दाखवून म्हणाले, "हात माजेच असत रे, पण आयकनत नाय."

त्याच दुपारी मी एका मोठ्या साहेबांसाठी संत्र्याएवढा चेंडू विकत घेतला होता. साहेबांना वेळ द्यायला मी होतो, करवत होती, खडू होता. मामांसाठी कुणी खोकं लहान केलं नाही की गाठ सोपी केली नाही. गिरणगावात त्या वर्षांत पन्नाशीची किती माणसं अशी नवा धंदा शिकायला उभी राहिली आणि कुणी त्यांच्यासाठी जरा थांबलं नाही, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. मामा पुढे कणकवलीकडे गावी गेले आणि तिथेच वारले.

आता सबनीस साहेबांची गोष्ट सांगतो, कारण खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

सबनीस साहेब सॉलिसिटर. राहायला शिवाजी पार्कला, ऑफिस फोर्टात. उंच, पन्नाशीला आलेले, आणि दारातून जाताना चौकटीला खांदा लागणारच. त्यांचा चहा आणताना वेटर कपाखाली दोन बशा ठेवायचा. क्लबात ते वर्तमानपत्रं वाचायला येत, कोर्टाकडे कधी फिरकलेले नव्हते. एक दिवस ते नवे पांढरे बूट घालून माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गावडे, मला मे महिन्याच्या आत माझ्या मुलीबरोबर खेळता आलं पाहिजे. होईल?"

मुलगी म्हणजे रेणुका. तिला मी ओळखत होतो, कारण ती आठवड्यातून दोनतीनदा माझ्याशी खेळायची आणि तिला चेंडू द्यावा लागत नसे. तिच्या लहानपणीच आईवडील वेगळे झाले होते, ती आईबरोबर पुण्याला वाढली, तिथेच हा खेळ शिकली. अकरावीला म्हणून ती वडिलांकडे मुंबईत आली होती. वर्षभर राहून बघायचं, आणि मे महिन्यात ठरवायचं की बारावीला इथेच राहायचं की आईकडे परत जायचं, असं तिघांत ठरलेलं. हे मला साहेबांनीच कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. घरी ती आणि ते समोरासमोर जेवतात, म्हणाले, आणि मीठ दे, पाणी घे, यापलीकडे बोलणं होत नाही. विचारायला गेलं की ती "ठीक आहे" म्हणते. एकदा ते तिला न्यायला म्हणून लवकर आले आणि गॅलरीत उभे राहिले. खाली ती माझ्याशी खेळताना मोठ्याने हसली.

"घरी मी तिला असं हसताना ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "मला त्या खोलीत जायचंय, गावडे."

मी म्हटलं, होईल साहेब. मेंबराला नाही म्हणायची पद्धत नव्हती, आणि मला स्वतःच्या युक्त्यांवर भरवसा होता.

सबनीस साहेब सगळ्या लाकडांत सागवान निघाले. मोज्यातला टांगलेला चेंडूही त्यांना चुकवून जायचा. पण माणूस चिकट. रोज सकाळी ऑफिसच्या आधी यायचे. मोठा चेंडू, आखूड दांडा, खडूची पावलं, पाढे, सगळं झालं. गणपती गेले, दिवाळी गेली. हळूहळू मी एकेक गोष्ट काढून घेत गेलो. मोठ्या चेंडूच्या जागी निळ्या ठिपक्याचा, तो जरा जास्त उसळतो, नवशिक्यासाठीच असतो. मग पूर्ण दांड्याची रॅकेट. मग पावलं पुसली. होळीच्या सुमारास आम्ही दोघं असे खेळत होतो की पिंटो गॅलरीत येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. साहेब हलत होते, वाकत होते, चेंडू भिंतीवर जात होता आणि परत येत होता. ते मला म्हणाले की गावडे, मला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, पण तसं म्हणालो नाही.

परीक्षा आटोपल्यावर एका रविवारी बापलेक कोर्टात उतरले. मी वरून बघत होतो. रेणुकाने बापाचा मान राखून सावकाश सुरुवात केली. साहेबांनी हात फिरवला आणि चेंडू त्यांच्या मागे गेला. पुढचा त्यांच्या पायाला लागला. पुढच्याला रॅकेट लागली तर तो पत्र्यात गेला, ठण्ण. ती आणखी हळू मारायला लागली, आणि ते आणखी चुकायला लागले. हसणं तर सोडाच, दोघं एकमेकांकडे बघेनासे झाले. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे बाबा," आणि टॉवेल घेऊन बाहेर गेली. घरी जे "ठीक आहे" ऐकून ते इथवर आले होते, तेच त्यांना कोर्टातही ऐकावं लागलं.

साहेब बाकावर येऊन बसले. म्हणाले, तुमच्याबरोबर लागतो, तिच्याबरोबर का नाही लागत.

मला कारण कळलं होतं, वर गॅलरीत उभं असतानाच. मोठा चेंडू मी काढला होता, दोरी काढली होती, खडू पुसला होता. मला स्वतःला मात्र मी तिथून काढलं नव्हतं. होळीपासून जी सुंदर रॅली चालली होती ती पिंटोने शिकवलेली रॅली होती. साहेबांचा फटका कुठेही जावो, मी तो उचलून त्यांच्या रॅकेटवर आणून ठेवत होतो, आणि हात इतका मुरला होता की मी देतो आहे हे माझं मलाच जाणवत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या शिक्षकाकडून ही चूक झाली नसती. ती मार्करच करू जाणे.

मी त्यांना खरं सांगितलं. "साहेब, एवढे दिवस चेंडू तुम्ही मारत नव्हता. मी तुमच्या रॅकेटवर मारत होतो."

क्लबात हे वाक्य कुणी मेंबरासमोर बोलत नाही. एकाला सांगितलं की बाकीच्या मेंबरांनाही शंका यायची. सबनीस साहेब रागावले नाहीत. त्यांनी रॅकेट पिशवीत नीट ठेवली, पिशवीची चेन लावली आणि गेले. पिंटोला कळलं तेव्हा तो माझ्यावर भडकला. तो खूश होता ना, तुझं काय जात होतं, असं त्याचं म्हणणं. साहेब दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. एप्रिल चालू होता आणि मे समोर दिसत होता. आपण खरं बोलून एका माणसाची मुलगी घालवली, असं मनात यायला लागलं.

रेणुका मात्र आली. खेळायच्या कपड्यांत नव्हती. सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"गावडेकाका, तुम्ही बाबांना काय सांगितलंत? ते रोज सकाळी उठून बूट घालतात, थोडा वेळ बसतात, आणि काढून ठेवतात."

मी तिला सगळं सांगितलं. चेंडू देणं म्हणजे काय, पिंटोची अट काय, माझ्याकडून काय झालं. वडील कशासाठी शिकत होते, हेही सांगितलं. ते सांगायचा मला हक्क नव्हता, पण आता निम्मं सांगून झालंच होतं. तिने बाकावरची माझी रॅकेट उचलली.

मग म्हणाली, "मला शिकवाल? तसं द्यायला?"

मी जोखून पाहिलं, मुलगी गंमत करत नव्हती. मग तिला कोर्टात घेतलं आणि मी सबनीस साहेबांच्या जागी उभा राहिलो. त्यांच्यासारखाच, उजवा खांदा वर, वजन टाचांवर, रॅकेट उशिरा. आणि काय सांगू, एवढी तयार खेळाडू, पण तिला माझ्या हाताशी चेंडू ठेवता येईना. जन्मभर समोरच्यापासून लांब मारायला शिकलेली. जोर कमी केला की चेंडू मरायचा, वाढवला की निसटायचा. ती वैतागली. म्हणाली, हे तर मारण्यापेक्षा अवघड आहे. मी म्हटलं, तू भिंतीकडे बघतेस. द्यायचं असेल तर माणसाकडे बघावं लागतं. त्याचा कुठला पाय आधी निघतो, हात कुठे थकतो, कुठल्या बाजूला तो घाबरतो, हे ठाऊक हवं.

"बाबा खरंच असा खांदा वर करून उभे राहतात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बघ घरी.

पुढच्या वेळी ती आली ती आधीच सांगायला लागली. गॅसपाशी उभे असले तरी त्यांचा उजवा खांदा वर असतो. वरणाला फोडणी देतानाही. चष्मा नेहमी डाव्या हाताने शोधतात. जिना उतरताना पहिलं पाऊल डावं. मी ऐकत होतो. वर्षभर ज्या माणसासमोर बसून ती मान खाली घालून जेवली होती, त्याच्याबद्दल तिला एका आठवड्यात माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

पिंटोच्या कलेतली एक गोष्ट मात्र मी तिला शिकवली नाही. त्याचं म्हणणं, कळता कामा नये. मी तिला सांगितलं, त्यांना सांगून दे. सोपा देते आहे म्हणून सांग, आणि रोज थोडा लांब टाकत जा. आज हाताशी, उद्या एक पाऊल पलीकडे. ते चुकतील. चुकू देत.

तिने त्यांना काय बोलून परत आणलं ते मला ठाऊक नाही. पण एका सकाळी दोघं आले, साहेब तिच्या मागोमाग, जरा अंग चोरून. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. मी कोर्टाचं दार लावलं आणि वर गॅलरीत गेलो. तिने पहिला चेंडू दिला आणि म्हणाली, "बाबा, हा सोपा." तो लागला. पुढचाही सोपा, तोही लागला. मग म्हणाली की आता एक पाऊल, डावं आधी. त्यांनी डावं टाकलं, उशिरा टाकलं, चेंडू गेला. असे बरेच गेले. पण प्रत्येक वेळी ती त्यांच्या पायांकडे बघून पुढचा देत होती. सुंदर रॅली वगैरे काही झाली नाही. पाचसहा फटके जायचे, की ठण्ण, की पुन्हा सुरुवात. मार्करच्या नजरेला तो खेळ फार सामान्य होता. त्या दिवशी ती हसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा साहेबांनी जोरात रॅकेट फिरवली, चेंडू चुकला, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन ते भिंतीला धडकले आणि तिथूनच म्हणाले की हा अवघड होता. ती हसायला लागली. त्यांनाही हसू आवरेना.

मग त्यांचं रोजचं चालू झालं आणि मी माझ्या कामाला लागलो. मे निम्मा सरला तरी काय ठरलं ते कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारणं बरं दिसलं नसतं. एका सकाळी त्यांची वेळ संपली तरी आतून चेंडूचा आवाज येत नव्हता की कुणी बाहेर येत नव्हतं. बाहेर पुढच्या पाळीचे मेंबर उभे, क्लबच्या कमिटीवरचे, वेळेचे एकदम कडक. वेळ संपली की मार्करने दार वाजवायचं असतं. मी गेलो, दार अगदी जरासं ढकललं. बापलेक कोर्टाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. पाय पसरलेले, रॅकेटी बाजूला, घामाने दोघांचे सदरे भिजलेले. बोलणं तिचं चाललं होतं.

"...आईला मी सांगितलंय. ती म्हणाली, तुझं तू ठरव. तर बारावी मी इथेच करते. पण तुमच्या हातचं वरण रोज नको हं बाबा, एक दिवसाआड मी करीन."

साहेब काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी दार आवाज न करता ओढून घेतलं, बाहेर येऊन दारासमोर उभा राहिलो आणि कमिटीवाल्या साहेबांना म्हणालो, थोडं थांबावं लागेल, कोर्ट ओलं आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात कोर्टाच्या भिंतींना आणि जमिनीला घाम सुटतो, तेव्हा पाय घसरू नये म्हणून आम्ही कोर्ट बंद ठेवतो. साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मे महिन्याचं रणरणतं ऊन होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात फडकं घेतलं आणि दारासमोरून हललो नाही.